दामूकाकांचा चांदणीकिल्ला

दामूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी घराला एक प्रदक्षिणा घालत, मग आत शिरत. ओहायोतल्या डब्लिनमधलं आमचं घर न्याहाळून ते म्हणाले, "अर्ध्या तासात पडेल!" आमच्यावर चालून येणार कोण, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

काका पुण्याच्या धरणखात्यातून निवृत्त होऊन शेजारी लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मनानं मात्र ते तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये, राजाच्या पदरच्या एका इंजिनिअरच्या हाताखाली नोकरीला होते. "आमच्या साहेबांनी उभी हयात दुसऱ्यांचे किल्ले पाडले नि आपले बांधले. भिंत बुटकी ठेवायची रे! उंच नाक तोफेला आवडतं."

दोन हजार पाचच्या दिवाळीत नातीसाठी, रियासाठी, त्यांनी मागच्या लॉनवर किल्ला केला. शिवनेरी-रायगड नव्हे, साहेबांच्या पद्धतीचा, चांदणीच्या आकाराचा.

"आजोबा, इट्स अ स्टारफिश!" रिया किंचाळली.

खंदक खणताना स्प्रिंकलरचा पाइप फुटला आणि अर्ध्या ओहायोचं पाणी खंदकात आलं. काका खूश. "बघ, आपोआप भरला!"

पाण्यामागोमाग कॉलनीच्या असोसिएशनच्या मार्थाबाई आल्या. लॉन सगळ्यांचं आहे, उद्याच्या उद्या सपाट करा! दिवाळी तोंडावर. रियाचे डोळे डबडबले. लेक कुजबुजला, "बाबा, प्लीज. किल्ला कॅन्सल करू या ना यार."

"किल्ला कधीतरी पडतोच," काका म्हणाले. "तो सोडला कसा, ते लोक बघतात. साहेब हरलेल्यालाही ढोल वाजवत बाहेर पडू द्यायचे."

मग धरणखात्याच्या इंग्रजीत त्यांनी बाईंपुढे तह मांडला: लक्ष्मीपूजनाला पणत्या लागेपर्यंत युद्धबंदी, मग किल्ला तुमचा. बाईंनी विचार करत एक चकली खाल्ली.

"सही झाली," काका मला म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाई फावडं घेऊन हजर. रियानं थाळी बडवली. काका कोट घालून किल्ल्यामागून बाहेर आले, कमरेत वाकले आणि चांदीच्या ताटलीतून गॅरेजची जुनी किल्ली पुढे केली. "मॅडम, द फोर्ट इज युवर्स."

बाईंनी किल्ली घेतली. पणत्यांनी उजळलेले बुरूज पाहिले. हातातलं फावडं पाहिलं.

"माइन?" त्या म्हणाल्या, आणि फावडं हळूच पाठीमागे गेलं.

काका महिन्याभरात पुण्याला परतले. बर्फ वितळल्यावर मी फोन केला. "काका, किल्ला अजून उभा आहे! बाई लॉन कापणाऱ्याला आसपास फिरकू देत नाहीत. परवा तर बुरुजाला माती लावत होत्या."

"लावणारच," काका म्हणाले. "आता किल्ल्यावरची शिबंदी तिची आहे!"