चातुर्मासात परत आलेली भांडी

तमाम लहानथोरांस, सोयऱ्याधायऱ्यांस आणि विशेषतः बोरी गावातल्या ज्या ज्या प्रतिष्ठित घरांच्या माळ्यावर दुसऱ्याचं भांडं आहे, त्या सर्वांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मी आता तोंड उघडणार आहे. घाबरू नये. नाव कुणाचंच घेणार नाही. घेतलं तर मला बोरीत चहा मिळायचा नाही.

आमचा धंदा बिछायतीचा. लग्नाला लागणारा मांडव, सतरंज्या, लोड-तक्के, गॅसबत्त्या आणि स्वयंपाकाची मोठी भांडी भाड्यानं द्यायची. धंदा सासऱ्यांनी उभा केला, नवऱ्यानं चालवला आणि त्यात संशय मी आणला. माझा स्वभावच तसा. कुणी 'बरं आहे ना?' असं विचारलं, की हा माणूस मला आजारी का समजला, याचा मी दोन दिवस विचार करते.

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि तुळशीच्या लग्नाला उठतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. देवांबरोबर आमचे हेसुद्धा झोपत, हे फक्त मला ठाऊक. मुहूर्त बंद, म्हणजे मांडव बंद. बांबू गोठ्याच्या आढ्याला टांगायचे, सतरंज्या कडुलिंबाचा पाला घालून गुंडाळायच्या, आणि दुपारचं जेवण झालं की ह्यांनी त्यातल्याच एका गुंडाळीवर डोकं टेकायचं. चार महिने हा कार्यक्रम.

त्या वर्षी आषाढ सरता सरता मी गिरणीत दळण घेऊन गेले, तर शेजारीण कानाशी आली. "ऐकलं का गं? मोठ्या घरच्या धाकटीचं लग्न ठरलंय. तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्ताला. अन् मांडवासाठी जिंतूरच्याला सांगावा गेलाय म्हणं."

मोठं घर म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदारांचं. दोनच वर्षांपूर्वी त्यांच्या थोरलीच्या लग्नाला मांडव आमचा होता, भांडी आमची होती. मोठ्या घरानं ज्याला बोलावलं, त्यालाच मग अख्खं गाव बोलवायचं. धाकटीचा मांडव जिंतूरच्यानं घातला, तर आमच्या सतरंज्यांवर पुढं उंदरांचीच लग्नं लागणार होती.

घरी येऊन ह्यांना हलवलं. "अहो, उठा. धंदा चालला."

"कुठं?"

"जिंतूरला."

"मग येईल की संध्याकाळच्या गाडीनं," असं म्हणून ते कुशीवर वळले.

तिसऱ्यांदा हलवल्यावर त्यांनी कारण सांगितलं. "त्याच्याकडं लोखंडी पाइप हायेत. आपले बांबू. लोकायला पाइप लय आवडायलेत आजकाल."

मला ते पटलं नाही. पाइपावर कुणी जेवत नाही. काहीतरी वेगळं होतं. पहिला संशय मी जिंतूरच्यावर घेतला, त्यानंच काहीबाही कानात भरवलं असणार. दुसरा आमच्या आचाऱ्यावर, कारण तो अलीकडं माझ्याकडं बघून हसत नव्हता. तिसरा ह्यांच्यावर, पण ते झोपलेले असल्यामुळं त्यांची सुटका झाली.

मग मी ठरवलं. चार महिने रिकामे आहेत, तर गेल्या दोन वर्षांत ज्या ज्या घरी आपलं सामान गेलं, त्या त्या घरी जायचं आणि सरळ विचारायचं, आमचं काय चुकलं? कळलं तर सुधारता येईल. केवढा साधा विचार! मला काय ठाऊक, की गावात साध्या विचाराइतका संशयास्पद प्रकार दुसरा नाही.

पहिल्या घरी म्हातारीनं मला पाणी दिलं आणि माझा प्रश्न ऐकून पेला परत घेतला. "का गं? पाव्हणे काय म्हणाले का? आमच्या लेकीनं काय केलं का तिकडं?" मी तिच्या व्याह्यांकडून आले आहे, असं ती धरून चालली होती. दुसऱ्या घरी उपवर मुलगी होती. तिला घाईघाईनं पावडर लावून माझ्यासमोर पोह्यांची बशी घेऊन आणलं. मी स्थळ घेऊन आले आहे, असा तिथं समज झाला होता. पोहे चांगले होते.

तिसरं घर शाळामास्तरांचं. ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाची. कुणी सलग चार दारं फिरलं, की हा कुणाच्या बाजूचा, असं लोक विचारत. मास्तरांनी चष्मा लावला आणि हात पुढं केला. "कागद दाखवा आधी. सही बाजूनं करायचीय का विरोधात?"

"मास्तर, मी सतरंज्यांचं विचारायला आले."

"असं समदेच म्हणतात," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दार लावलं.

पंधरा-सोळा घरं झाली. सगळीकडं उत्तर एकच. "लय चांगलं झालं, काय कमी न्हवतं." म्हणतानाही त्यांची नजर माझ्यावर नाही, आतल्या खोलीकडं. खरं बोलली फक्त एक सून. मला आळीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, गडीमाणसायच्या बाजूला कोरं कापड लावता अन् आमी जेवायला बसतो तिकडं फाटकं. समदी आळी बघत बसती, आमी घास कसा घेतो ते."

हे मात्र काळजात गेलं. मी स्वतः त्या फाटक्या कापडामागं किती वेळा जेवले होते! दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र बाहेर काढलं आणि मांडवाचं सगळं कापड शिवायला घेतलं. पण मोठ्या घराचा रोष फाटक्या कापडावर असेल, असं मला वाटेना.

आणि मग चमत्कार सुरू झाला. भल्या पहाटे सडा टाकायला दार उघडलं, तर ओट्यावर एक वरणाचा ओगराळा. घासूनपुसून लख्ख, आमच्या दुकानाची अक्षरं कोरलेला. दुसऱ्या दिवशी सात पेले, एकात एक घातलेले. तिसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेली परात. चौथ्या दिवशी दोन वाढायच्या बादल्या, आणि एका बादलीत, बहुधा माफी म्हणून, चार भाजीची वांगी.

माझ्या ध्यानात आलं. मी दारोदार 'काय चुकलं' विचारत फिरले. गावानं ऐकलं, 'कुणी उचललं'.

ह्यांचा आनंद गगनात मावेना. ते आता पहाटेच उठू लागले, सणासारखे. "अगं, पुढच्या आळीत बी जाऊन ये की! तिकडं आपली मोठी कढई असंल!" मला मात्र दर भांड्यागणिक नवा संशय येई. काल ज्या बाईनं माझी खणानारळानं ओटी भरली, तिनंच हे पेले दोन वर्षं वापरले असतील का? ओटीत तिनं दोन नारळ का घातले? रस्त्यानं जाताना मी प्रत्येक घराच्या फडताळात डोकावू लागले आणि लोक फडताळाची दारं लावू लागले.

आठव्या दिवशी ओट्यावर एक झारा आला. हातात घेऊन बघितला, तर त्यावर अक्षरं जिंतूरच्याची! कुणीतरी भीतीच्या भरात चुकीच्या माणसाचा माल परत केला होता. हे हसून खाली बसले. मी हसले नाही. गावाकडं आमची भांडी आहेत, गावाकडं जिंतूरच्याची भांडी आहेत. मग आमच्या कोठीत कुणाची आहेत?

श्रावणात कल्हईवाले चाचा आले. दरवर्षी ते चार-सहा भांड्यांना कल्हई लावून पुढच्या गावाला जात. या खेपेस मी त्यांना म्हटलं, सगळी काढा. आतून कल्हई करा, बाहेरून चिंच लावून घासा. हंगामाला प्रत्येक भांडं नव्यासारखं निघालं पाहिजे. लिंबाखाली भाता फुसफुसू लागला, नवसागराचा धूर आळीभर पसरला. कोठीतली एकेक वस्तू बाहेर येत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी हाक मारली. "भाभी, इधर आव. ये भांडा तुमारा नै."

ते पितळेचं मोठं पातेलं होतं. कड्यांवर मोर. पन्नास माणसांचं वरण त्यात आरामात शिजे. चुलीवर चढवण्याआधी आचारी बुडाला माती थापतो, त्या मातीचे आणि काजळीचे थर चढून ते इतकं काळं झालं होतं, की दोन वर्षं त्याचं खरं अंग कुणी पाहिलं नव्हतं. चाचांनी चिंचेनं घासलेल्या जागी कोरलेली अक्षरं उजळली होती. चि. सौ. कां., मग मोठ्या घरच्या थोरलीचं नाव, आणि खाली, 'मामाकडून सप्रेम भेट'.

 सगळं आठवलं. थोरलीच्या लग्नात वरण कमी पडलं, तेव्हा आचाऱ्यानं रुखवताजवळ मांडलेल्या आंदणाच्या भांड्यांतून एक उचललं होतं. 'शिजवून परत ठेवतो,' म्हणाला होता. ते चुलीवर चढलं, काळं झालं, आणि काळं झालेलं भांडं गड्यांनी आमचंच समजून बैलगाडीत घातलं. पुढं दोन वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात ते आम्ही मिरवलं. प्रत्येक लग्नाला मोठ्या घरच्या काकू, म्हणजे थोरलीची आई, आल्या असणार. नाव दिसलं नसेल, पण भावानं दिलेल्या पातेल्याच्या कड्यांवरचे मोर बहीण विसरते का? त्या बघत राहिल्या आणि पानावरचं वरण गिळत राहिल्या.

संध्याकाळी ह्यांना दाखवलं. त्यांचा चेहराही काजळीसारखा झाला. "ऐक, पहाटं गुपचूप त्यांच्या ओट्यावर ठिवून येतो. समद्यांनी आपल्याला तसंच दिलं न्हवं?"

"समद्यांनी चोरलं होतं म्हणून तसं दिलं," मी म्हटलं. "आपण चोरलं नाही. आपण दुपारी देऊ."

आणि दिलं. शुक्रवार होता. मोठ्या घरी जिवतीच्या कहाणीला आळीतल्या सगळ्या बायका जमणार, हे मला माहीत होतं. पैठणी नव्हती, म्हणून इरकल नेसले. पातेलं डोक्यावर घेतलं आणि बाजारातून, मारुतीच्या पारावरून, चक्कीवरून, सगळ्यांना नीट दिसेल अशा बेतानं चालत गेले. ऊन पडलेलं होतं. ते पितळ असं चमकत होतं, की पारावरच्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले.

कहाणी नुकतीच संपली होती. मी पातेलं काकूंच्या समोर ठेवलं, नाव त्यांच्याकडं करून.  पलीकडं बाजेवर काकूंच्या सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या, ती माळ थांबली.

"काकू, हे आमच्याकडं होतं. काजळीत नाव दिसलं नाही. काल दिसलं. आज आणलं."

काकूंनी मोरावरून बोट फिरवलं.  मग म्हणाल्या, "माझ्या लेकीला सासरी दोन साल ऐकावं लागलं. मामानं पातेलं दिलं म्हणं, दिसलं तर न्हाई कुठं. मी दुसरं घेऊन धाडलं, तर म्हणाले, ह्याच्यावर नाव का न्हाई?"

 मी पदरानं पातेल्याची कड पुसत राहिले.

"अन् आजच बरं दिसलं तुला नाव? धाकटीचा मुहूर्त निघाल्यावर?"

"मुहूर्त नसता तर कल्हई केली नसती, हे खरंय काकू," मी म्हटलं. "धंदा चालला होता, म्हणून घासायला काढलं. घासलं, म्हणून दिसलं. यापुढं लग्नघरच्या प्रत्येक भांड्याच्या कडीला आधी हळदीची सुतळी बांधणार, मग आमची भांडी आत आणणार. परत जाताना सुतळीचं एक भांडं जरी आमच्या गाडीत दिसलं, तर तुम्ही मला भर चौकात उभं करा. अन् बायकांच्या पंगतीला कोरं कापड. तेही शिवून झालंय."

मागं बसलेल्या दोघी-तिघी 'कोरं कापड' ऐकून हलल्या. पण काकूंचा चेहरा पाषाणाचा.

"गोड बोलतीस. पण दुसऱ्याची वस्तू घरात ठिवून जी दोन साल वापरती, तिच्या हातात मी परत लेकीचं लग्न देऊ? आमच्या घरात असलं कधी झालं न्हाई. आमच्या घरात परक्याची काडी बी सापडायची न्हाई."

आता पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. मांडव आमचाच पडला, बांबूंचा. धाकटीचं लग्न झोकात झालं, सुतळीसकट. जिंतूरच्याचा झारा ह्यांनी स्वतः एसटीनं नेऊन दिला. हे सगळं आत्ताच सांगते, कारण यानंतरचं वाक्य आठवलं, की मला पुढं बोलवत नाही. काकूंचं बोलणं संपलं, आणि बाजेवरच्या त्यांच्या सासूबाई, ऐकू कमी येत असल्यामुळं असेल किंवा जास्त येत असल्यामुळं, सगळ्या आळीदेखत मोठ्यांदा बोलून गेल्या, "काडी न्हाई म्हणतीस माय, मग दोन साल झालं माडीवर तू कुरडया वाळवायलीस, ते ह्यांच्याच मांडवाचं कापड न्हवं का?"