अक्काच्या खोलीचा गिलावा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सुरुवात कुठून करू?

नव्वदच्या आसपास मी बारामतीच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत मदतनीस होतो. उसाच्या चिपाडापासून केलेले तक्ते तेव्हा लोक छताला लावू लागले होते. चिपाडाचा भुसा चिकटवायच्या रसायनाचा वायू नव्या तक्त्यांतून सुटायचा — डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. भिंतीचा चुना-मातीचा गिलावा हा वायू शोषतो का, ते आमच्या सरांना मोजायचं होतं. काचेची मोठी पेटी, आत गिलाव्याची लादी. वायू मोजून आत सोडायचा, दार लावायचं आणि थोड्या थोड्या वेळानं नळीतून हवा ओढून तपासायची. वायू कमी झाला, म्हणजे गिलाव्यानं घेतला. किती सोपं, नाही?

पेटीच्या दाराचं रबर फाटलं. पुण्याहून नवीन काही येईना. मटणाला दम देताना आई पातेल्याचं झाकण कणकेनं लिंपायची — मी तेच केलं. सर खूश! मीही हवेत. गिलावा वायू नुसता पीत होता.

त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, इंदापूरला गेलो. तिच्या नव्या खोलीला तक्त्यांचं छत होतं आणि तिची लेक सुमी खोकून बेजार झाली होती. अक्का तक्ते उतरवायला निघाली होती. मी शहाणा — मी तिला थांबवलं. म्हणालो, भिंतींना चुना-मातीचा गिलावा कर, वास सगळा ओढून घेईल. आमच्या पेटीत बघितलंय.

परत आल्यावर सहज पेटी रिकामी ठेवून पाहिली. आत लादी नाही, काही नाही — तरी वायू कमी होत गेला. कणीक वाळून तडकली होती. फटीतून सगळं बाहेर.

सरांना सांगितलं? नाही. कणीक खरवडून टाकली. नोकरी हंगामी होती, त्याची भीती होतीच. पण खरी भीती हसं होण्याची. आणि अक्काला? एक एसटी पकडायची होती, बस्स. रोज सकाळी ठरवायचो. आणि रोज मी कॉलेजची वाट धरायचो.

थंडीत इंदापूरला गेलो, तेव्हा भिंतींना गिलावा झाला होता, छताचे तक्ते तसेच होते आणि सुमी उशीला टेकून बसल्या बसल्या श्वास ओढत होती. अक्कानं मला बाजूला घेतलं. चेहरा अपराध्यासारखा. "माझाच हात पातळ फिरला आसंल रं. माती नीट तुडवली न्हाय म्या."

सांगायची वेळ हीच होती की नाही? मी भिंतीवरून हात फिरवला. आणि म्हणालो, "आणखी एक थर दे."

तिनं दिला. गारठा म्हणून खिडकीही बंद ठेवली.

सुमीचा दमा त्या वायूनंच झाला की मुळातच होता, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. या पळवाटेनं मी किती वेळा निसटलोय! पण तक्ते काढले असते तर पोरीला आराम पडला असता का, हे मी कुणाला कळूच दिलं नाही.

पुढं सुमीला पहिलं स्थळ आलं. मामा म्हणून मीही बैठकीत होतो. सगळ्यांसमोर अक्का म्हणाली, "लपवून काय ठिवायचं? पोरीला दमा हाय. चूक माझी हाय. भावानं सांगितलं तसा गिलावा मला जमला न्हाय."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं — खरं का, म्हणून.

मी मान हलवली. हो म्हणून.