मास्तरांच्या कॉम्प्युटरातला आवाज

मी दुसरीपर्यंत शिकलो. लिहिण्यात चुका होतील, त्या असू देत.

बायको गेली आणि मी मास्तरांकडे जायला लागलो. ती असताना मिठबावहून पाटी घेऊन जामसंड्याला मासे विकायला जायची, मास्तरांचं घर तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. ती गेल्यावर चार मासे घेऊन मी जायचो. मास्तर एकटे, ते किती खाणार? मला घरात बसवत नव्हतं म्हणून जायचो, एवढंच.

मास्तर मूळचे घाटावरचे. इथल्या शाळेत नोकरी केली आणि इथेच राहिले. त्यांना हॅम रेडिओचा नाद. सरकारचा परवाना भिंतीवर लावलेला, परड्यातल्या दोन माडांमध्ये तार ताणलेली, आणि खोलीत तो सेट. त्यावरून हवेतून कुठल्या कुठल्या माणसांशी बोलत बसायचे. बायको पायरीवर पाटी टेकवून विचारायची, "मास्तरानू, तुमचो रेडिओ बोलता की खोकता?" खरखरच इतकी असायची. पण मला ती खरखर आवडायची. पलीकडचा माणूस शिंकला तरी कोण ते कळायचं. कारवारचा एक डॉक्टर रोज दुपारी तीनला यायचा, त्याचा घोगरा आवाज मी दारातून ओळखायचो.

मग मास्तरांनी सेटला कॉम्प्युटर जोडला. तिकडे डॉक्टरनेही जोडला. मला समजावून सांगितलं, "आता आवाजाचे आकडे होतात. आकडे हवेतून जातात आणि पलीकडचा कॉम्प्युटर त्यांचा परत आवाज करतो. खरखर अजिबात नाही."

मी म्हटलं, "म्हणजे ताजो मासो सुकवायचो आणि थंय पाण्यात घालून फुगवायचो."

मास्तर हसले. "तसंच म्हणा."

"मगे चव खंय ऱ्हवता?"

खरंच चव राहिली नव्हती. शब्द न् शब्द कळायचा, पण डॉक्टर कोण आणि दुसरा कोण, सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे. आणि रेडिओची लाट जरा कमी पडली की आवाज बारीक होत नसे, एकदम तुटायचाच. मी मास्तरांना सांगितलं, तुमचा जुना खोकणारा रेडिओ बरा होता. माझी बायकोही हेच म्हणाली असती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर वादळ झालं. माझा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला होता. आपली होडी सोडून दुसऱ्याच्या बोटीवर जातोस म्हणून मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नव्हतो. जाताना त्याने "येतंय" म्हटलं, मी जाळ्याचं भोक शिवत बसलो. मान वर केली नाही. वादळ गेलं, बाकीच्या बोटी आल्या, ही एक आली नाही. तिच्यावर सातजण. फोन बंद, मोबाईल बंद, लाईट नाही. बायको असती तर निदान रडायला तरी कोणी असतं.

बोटीचा मालक मास्तरांकडे गेलाय असं कळलं. मी सकाळी चालत निघालो. एसटी बंद, रस्त्यावर झाडं आडवी. दुपारी पोचलो तर मास्तरांच्या ओटीवर माणसांची गर्दी. मास्तर सेट ट्रकच्या बॅटरीवर चालवत होते. आदल्या दिवशी त्यांनी सात नावं कॉम्प्युटरवर अक्षरं करून डॉक्टरकडे पाठवली होती, तिकडच्या बंदरात चौकशी करायला.

तीनला अक्षरं आली. मास्तरांनी वाचून दाखवलं. सातही नावं, आणि पुढे लिहिलेलं, सगळे सुखरूप. बोट वाऱ्याने दक्षिणेकडे वाहत गेली होती आणि कारवारजवळच्या खाडीत शिरली होती. ओटीवर बायका रडायला लागल्या, कोणी नारळ आणायला धावला. मालकाने देवाला हात जोडले.

मी म्हटलं, "ह्या खरा कशावरून?"

"म्हणजे काय?"

"ही यादी तुमीच काल धाडलास. तीच परत इली नसात कशावरून? माका झिलाचो आवाज होयो."

मालक खेकसला, "म्हाताऱ्या, देव पावलो तरी तुझी कटकट संपना नाय!"

मास्तर मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "बाबा, साध्या आवाजावर आज नुसता विजांचा कडकडाट आहे. कॉम्प्युटरवरून बघू. एरवी परक्याला माईक देता येत नाही, पण आज वेळच तशी आहे." त्यांनी डॉक्टरला तसं कळवलं. डॉक्टर बंदरावर गेला आणि तासाभराने परत सेटवर आला. एकाला बरोबर आणलं होतं.

"बाबानू, मी बरो आसंय. काळजी करा नकात."

स्वच्छ. एक खरखर नाही. पण तो माझ्या झिलाचा आवाज नव्हता. तोच पत्र्याचा डबा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "हो माझो झील न्हय."

"अहो, कॉम्प्युटर आवाज असाच करतो," मास्तर म्हणाले. "हवं तर काहीतरी विचारा त्याला. बटण दाबून बोला आणि सोडा."

आता काय विचारलं ते सांगायला हवं. समुद्रात चांगले मासे मिळायची एक जागा आमच्या घराण्यात आहे. पाण्यात खांब थोडाच रोवता येतो. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की जाळं टाकायचं. अशी खूण बाप मुलाला सांगतो, बाकी कोणाला नाही. पण मी ती लग्नानंतर बायकोला सांगितली होती, का तर झील मोठा होण्याआधी मी बुडालो तर खूण माझ्याबरोबर जायला नको. झिलाला ती तिनेच सांगितली, वाळूवर उभं करून. हे तिघांनाच माहीत. त्यातली एक गेली.

मी बटण दाबलं आणि ओरडलो, "आपल्या पाण्याची खूण सांग!"

आणि तोंडातून शब्द गेल्यावर कळलं काय केलं ते. ओटीवर मिठबावचे निम्मे मच्छीमार. बोटीचा मालक तर कान टवकारून पुढे सरकला होता. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

आकड्यांना यायला जरा वेळ लागतो हे मला माहीत होतं, पण तो वेळ मी जन्मात विसरणार नाही.

मग आवाज आला, तोच डब्यातला. "बाबानू, तुमका याड लागला काय? हय सगळे आयकतत. मी सांगूचंय नाय. आवशीन बजावल्यान हा, बापाशीन इचारल्यान तरी चार माणसांत सांगा नको."

मी माईक मास्तरांच्या मांडीवर टाकला आणि भिंतीला टेकलो. खूण आईने सांगितली हे दुसऱ्या कोणाला कुठून ठाऊक असणार? आणि बापाला माणसांत झापायची ती रीतही तिचीच. आवाज झिलाचा नव्हता, पण बोलणं तिचं होतं.

"माझोच मेलो," मी म्हटलं. मालक आधी हसला. मग म्हणतो, "खूण तरी सांगूची होती रे त्याने!"

पाचव्या दिवशी झील एसटीने आला. मी दारातच होतो. यावेळी मान वर केली. जेवताना त्याला सांगितलं, आपल्या दोन खुणांपैकी एक झाड वादळात मोडून पडलंय. चालत निघालो तेव्हाच मी ते बघितलं होतं, पण ओटीवर ते आठवलंच नाही. तो घास हातात धरून हसतच सुटला. "म्हणजे मी सांगलंय आसतंय तरी चलला आसता?"

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं आमच्याच होडीतून गेलो आणि नवी खूण धरली. कसली ते इथे लिहिणार नाही. ती सध्या दोघांनाच माहीत आहे. तिसरं माणूस घरात यावं म्हणून मी झिलाच्या लग्नाच्या मागे लागलोय. मास्तरांकडे अजून जातो. कॉम्प्युटरला आता काही बोलत नाही.