सगळ्यांची सात तास झोप

विलासला घेऊन मी गाव सोडलं ती सकाळ मला माझ्या स्वतःच्या निघण्यापेक्षा जास्त आठवते. मी निघालो तेव्हा अठरा वर्षांचा होतो, पाठीवर कुणाचा भार नव्हता. विलास माझा चुलत भाऊ, तिशी ओलांडलेला, बायको-मुलगी असलेला माणूस. डोंबिवलीतल्या ज्या केमिकल कंपनीत मी सुपरवायझर आहे, तिथे मीच त्याला लावून घेतलं होतं. एसटी आली तरी त्याची आई, माझी काकू, माझ्याशीच बोलत होती. "याला झोप लागते रे जास्त. उठवत जा. ओरडू नको पण."

आमच्या गावकऱ्यांचं इथलं मंडळ दरवर्षी आपल्या अंकासाठी आठवणी मागतं आणि मी दरवर्षी टाळतो. यंदा लिहितोय, कारण एक गोष्ट गावातल्या आणि इथल्या सगळ्यांनी एकदमच वाचलेली बरी.

गावात झोप हा बोलायचा विषयच नव्हता. इथे ती शिफ्टवर चालते. एक आठवडा सकाळपाळी, एक दुपार, एक रात्र. शरीराला कळेपर्यंत आठवडा संपतो. विलासची ठाकुर्लीतली खोली रस्त्याला लागून. रात्रपाळी करून आला की तो कानात कापूस घालून, डोक्यावर चादर ओढून पडायचा. बाहेर हॉर्न, शेजारी पिठाची गिरणी. त्याची बायको मनीषा कुकर लावायची नाही, पातेल्यात भात शिजवायची. शिटीने उठेल म्हणून.

तीनेक वर्षांपूर्वी कंपनीत वेलनेस आलं. एचआरच्या मॅडमनी भिंतीवर झोपेची पोस्टरं लावली, एक दिवस योगा झाला, आणि एक फॉर्म सुरू झाला. शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझरने प्रत्येकाला विचारायचं, गेल्या चोवीस तासांत किती तास झोपलात? पाचच्या खाली असेल तर त्या माणसाला घरी पाठवायचं. चांगला नियम होता. पण घरी पाठवलं की माणूस कमी, आणि माणूस कमी पडला की फोन मला. महिन्याभरात मी विचारणं सोडलं. वरपासून खालपर्यंत सात, सात, सात लिहून सही करायचो. पोरं चेष्टा करायची, "साहेब, आज आठ लिहा की, रविवार आहे!" मीही हसायचो.

त्या दिवशी विलासची रात्रपाळी संपली आणि सकाळचा माणूस आला नाही. डबल कर म्हणालो. तो म्हणाला, "दादा, मला सोड. डोळे मिटतायत." आदल्या दिवशी मुलीला ताप होता, तो दिवसभर दवाखान्यात बसलेला. हे मला ठाऊक होतं. "दोन तास काढ रे, दुसरा येतोय," म्हणालो. दुसरा येणार नव्हता. फॉर्मवर त्याच्या नावापुढे सात लिहिलं. अकराच्या सुमारास त्याने उघडायच्या व्हॉल्व्हऐवजी शेजारचा उघडला. उकळतं पाणी डाव्या हातावर आलं. दोन बोटं आता वळत नाहीत.

चौकशीत फॉर्म निघाला. सात तास झोपलेला माणूस चुकतो, म्हणजे निष्काळजी. विलास म्हणत राहिला की मी झोपलोच नव्हतो. कागदावर माझी सही होती आणि मी गप्प होतो. त्याचं काम गेलं, ते तिघं गावी परत गेले.

याहून वाईट पुढचं आहे. त्या वर्षी गणपतीत गावी, आरतीनंतर, विलासचा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, "बाटली असणार, दुसरं काय." सगळे माझ्याकडे बघत होते, मी त्याच कंपनीतला ना. मी नाही म्हणालो नाही. नुसती मान हलवली. ती गावभर हो झाली. काकू आत प्रसाद वाटत होती.

तेव्हापासून मला झोप नाही. दिवसाची शिफ्ट मिळाली, पंखा आहे, शांतता आहे, झोप नाही. गेल्या महिन्यात कंपनीने समुपदेशक बोलावले. एकेकाला आत घेऊन विचारत होते, "झोप किती होते?" माझ्या तोंडून निघालं, "सात तास." ते लिहून घ्यायला लागले. "थांबा, लिहू नका," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सगळं लेखी दिलं. "दोन वर्षांनी हे उकरून काय मिळणार तुम्हाला?" ते म्हणाले. कागद मात्र घेतला. चौकशी पुन्हा होईल म्हणतात. माझी नोकरी राहील असं वाटत नाही.

विलासला फोन केला. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? तिला सांग. देवळात जायची बंद झालीय ती, लोक विचारतात म्हणून."

आणि फोन ठेवला.

अंक छापून यायच्या आत मी गावी येतोय. आजवर गावाकडचं घर म्हणजे दमलो की जायची जागा होती. पोचलो की काकू न विचारता पाणी आणून द्यायची. या खेपेला ती देईल की नाही, माहीत नाही. घरात घेईल का, तेही नाही. पण ज्या दारात उभं राहायची मला इतकी भीती वाटते असं दुसरं दार डोंबिवलीत नाही, कुठेच नाही. म्हणजे घर तेच असणार. शनिवारी निघतो. दिवसाउजेडी पोचेन, सगळ्यांना दिसेन असा.