त्या दिवशी, समुद्रावर

रोवेलिन एका वेळी तिघांशी बोलायची. तोंडानं नाही, बोटांनी. सेबू शहरातल्या तिच्या कंपनीकडे दूरदेशीची माणसं पडद्यावर तक्रारी लिहीत. कपडे धुण्याचं यंत्र गळतंय, नवा फ्रीज थंडच होत नाही. पडद्यावर तीन चौकटी कायम उघड्या असत. दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य उमटे, ‘तुमची अडचण मी समजू शकते.’ दुसरी दोन दाबली की, ‘आणखी काही मदत करू का?’ समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच त्याला काय म्हणायचंय ते तिला कळे, आणि बहुतेकदा ते बरोबर निघे. माणूस चिडलेला असो की रडकुंडीला आलेला, त्याचं बोलणं ठरलेल्या वाटांनीच जातं, असं तिला वाटू लागलं होतं.

शेजारच्या खुर्चीवरची ग्लेंडा तिला लाडानं इंदाय, म्हणजे पोरी, म्हणे. ती चिडवायची, “इंदाय, उद्या कुणी तुला ‘माझं तुझ्यावर’ म्हणायला लागला ना, तर तू ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ म्हणून चौकट बंद करशील बघ!”

रोवेलिन हसायची. हसता हसता दुसऱ्या चौकटीला उत्तर द्यायची.

मग तातायचं, तिच्या वडिलांचं, उजवं अंग लुळं पडलं. एलिसेओ म्हणजे जन्मभर समुद्रावर गेलेला माणूस. वाचा पुरती गेली नाही, पण शब्द जड झाले. एक शब्द निघायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. रोवेलिननं घरून काम मागून घेतलं आणि ती अर्गाओच्या किनाऱ्यावरच्या घरी आली. संगणक तातायच्या खाटेजवळच मांडला. पोरगी असावी तर अशी, असं सगळी वस्ती म्हणाली.

“उशी...” ताताय म्हणे.

“उंच करू? ही बघ, केली.”

“बाहेर...”

“बाहेर ऊन आहे, ताताय. संध्याकाळी नेते हं.”

तो मान हलवी. ती हलणारी मान म्हणजे होकारच, असं रोवेलिन धरून चालली होती. तिच्या आईला, पासिंगला, तसं वाटत नव्हतं. चुलीवर सिक्वाते, कोकोचं घट्ट पेय, घुसळता घुसळता एकदा ती फणकारली, “अगं, त्याला शेवटापर्यंत जाऊ दे की! तो बापडा जाळं ओढतोय आणि तू मधेच दोर कापतेस.”

“तुझं म्हणणं मी समजू शकते, नानाय.”

आईची रवी थांबली. “हे कुणाशी बोललीस?”

एका सकाळी तातायनं तिला लहानपणच्या नावानं हाक मारली.

“बेलिन... त्या दिवशी... समुद्रावर...”

तिन्ही चौकटी लुकलुकत होत्या. कुठल्याशा बाईच्या स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं होतं.

“समुद्र बघायचाय? थांब हं, खिडकी उघडते.”

तिनं खिडकी सताड उघडली. खारा वारा आत आला. “दिसतो ना आता?” तातायनं मान हलवली आणि ती पुन्हा पडद्याकडे वळली. तो समुद्राकडे बघतच नव्हता, तिच्या पाठीकडे बघत होता, हे आईनं तिला पुढे सांगितलं.

पुढे म्हणजे तो गेल्यावर. त्याच आठवड्यात, झोपेतच तो गेला.

शवपेटी घरात ठेवली, अंगणात ताडपत्री बांधली. माणसं येऊन बसू लागली. कॉफी, बिस्किटं, पत्त्यांचे डाव. मयताच्या घरी आलेल्याचे आभार मानायचे नसतात, त्याला दारापर्यंत पोचवायचंही नसतं. मरण त्याच्या मागोमाग जातं म्हणतात. पण पहिली बाई उठली तशी रोवेलिनही उठली, तिच्यासोबत दारापर्यंत गेली आणि म्हणाली, “आल्याबद्दल आभारी आहे. आणखी काही मदत...”

बाईनं घाईघाईनं क्रूसाची खूण केली. पत्त्यांच्या डावातून कुणीतरी म्हणालं, “शहरात राहून रीत विसरली.”

“रीत कसली, पोरगी दुकान बंद करतेय!” दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

अंगणाच्या कडेला, वाळूत पाय रोवून तिबोर एकटाच बसला होता; वडीलधारा म्हणून सगळे त्याला नोंग म्हणत. जन्मभर तो आणि ताताय एकाच होडीतून समुद्रावर जात आले होते. ती त्याच्यापाशी जाऊन बसली.

“नोंग, ताताय म्हणत होता, ‘त्या दिवशी, समुद्रावर.’ कुठला दिवस हो?”

तिबोर बोलेना. तेवढ्यात तिच्या जिभेवर तीन उत्तरं येऊन उभी राहिली. वादळाचा दिवस? होडी घेतली तो? ती त्यांच्यासोबत गेली होती तो? तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

“मलाही एवढंच म्हणाला होता,” तो शेवटी म्हणाला. “भेटायला आलो तेव्हा. तू आत जेवत होतीस. मी म्हटलं, बोल सावकाश, ओहोटी लागायला अवकाश आहे. तर म्हणाला, नाही.”

“नाही?”

“बेलिनला, म्हणाला. बेलिनलाच सांगायचंय.” तिबोरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. “एवढं बोलताना घामानं भिजला गं तो.”

ती आत गेली आणि पेटीजवळ खुर्ची ओढून बसली. न बोलावता एकामागून एक वाक्यं येऊ लागली. त्या दिवशी समुद्रावर मी घाबरलो होतो. त्या दिवशी समुद्रावर तुझं नाव ठरवलं. त्या दिवशी तू सोबत होतीस म्हणून मी परत आलो. सगळी नीटनेटकी, कुठलंही उचलावं आणि पटावं अशी. एकाही वाक्यात तो मधला थांबा नव्हता, जिथे ताताय श्वास घ्यायचा आणि पुढचा शब्द शोधायचा. आलेलं प्रत्येक वाक्य तिनं जाऊ दिलं.

आई जेवायला बोलावून गेली, तरी ती हलली नाही. पेटीच्या काचेखालच्या त्या चेहऱ्याकडे वाकून ती हळूच म्हणाली, “मग?”

आणि गप्प बसून राहिली.