हिल्डा ऑर्मरॉडचं शेवटचं वाक्य

हिल्डा ऑर्मरॉडने आयुष्यात नऊ सिनेमे केले. त्यातल्या सातांत ती कुणाला तरी चहा देत होती आणि उरलेल्या दोनांतून तिला कापून टाकलं. पण तिचा खरा जीव नाटकात, आणि तिथे ती बदली नटी! म्हणजे म्यूरिएल थॅक्रेबाईंची अख्खी भूमिका पाठ करायची, रोज वेळेवर हजर व्हायचं आणि बाई ठणठणीत आहेत हे पाहून निमूट बसायचं.

इंग्लंडातल्या लँकशर परगण्याची गावं पालथी घालत ते नाटक चार वर्षं चाललं. शेवटी आई, म्हणजे थॅक्रेबाईंची भूमिका, उंबऱ्यात येते आणि न परतलेल्या मुलाबद्दल म्हणते, "दार उघडंच ठेव, तो येईल." पडदा. या एका वाक्यासाठी हिल्डाचा जीव तुटायचा. तिचा भाऊ युद्धावरून परतला नव्हता आणि तिच्या घरात हे कुणी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

दर गुरुवारी दुपारी बदली मंडळींची तालीम व्हायची. पण समोर प्रेक्षक नसताना नाटकाचं शेवटचं वाक्य उच्चारायचं नाही, अपशकुन होतो, हा नाटकवाल्यांचा पक्का नेम. मंचव्यवस्थापक क्लेग तर त्या बाबतीत भलतेच कडक. हिल्डा उंबऱ्यात यायची, थांबायची, मान खाली घालायची. चार वर्षं हेच.

एका बुधवारी ब्लॅकबर्नला थॅक्रेबाईंचा घसा बसला. रात्रीचा खेळ हिल्डाने केला आणि झकास केला. शेवटी ती उंबऱ्यात आली, थांबली आणि सवयीने तिची मान खाली गेली. वाक्य घशात आलं तेव्हा पडदा पडत होता.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट. क्लेग धावत आले. "अगं बाई, काय थांबलीस! माझ्या अंगावर काटा आला!"

"मी चुकले हो, क्लेग. चक्क चुकले."

"गप गं! असं कुणाला सांगू नकोस."

ती मुक्कामाच्या भाड्याच्या खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थॅक्रेबाई परतल्या. घसा अजून बसकाच होता, पण कान तिखट होते; कालच्या टाळ्यांची खबर त्यांना लागली होती. "मीही तसंच थांबणार," त्यांनी फर्मावलं. दिग्दर्शकाने लगेच सगळ्या प्रतींमधून ते वाक्य खोडलं. हिल्डाच्या प्रतीतूनही. आपल्याला हवं ते आपल्याच हाताने घालवावं, याला काय म्हणावं!

त्या दुपारी तालमीत हिल्डा उंबऱ्यात येऊन थांबली. क्लेगनी वही मिटली आणि ते हळूच म्हणाले, "म्हण की आता, पोरी. ते वाक्य नाटकात राहिलंच नाही, आता कसला अपशकुन?"

हिल्डाने मान वर केली आणि ते वाक्य म्हटलं, मोठ्याने, अगदी मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं. समोर आठशे खुर्च्या होत्या, सगळ्या रिकाम्या.