बेटावर माणसं जास्त झाली

आमच्या बेटावर परवा ग्रामसभा भरली. गोड्या पाण्याची विहीर एकच, दवाखान्यात नर्सबाईही एकट्याच, आणि वस्ती वाढतच चाललेली. "बाहेरून येणाऱ्यांना आता थांबवा. पटतं त्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. पाण्याच्या रांगेत मीही ताटकळते.

शेजारी रेश्मा बसली होती. नवऱ्याबरोबर मासळीच्या कामाला गेल्या वर्षी आलेली, सातवा महिना लागलेला. तिने पदर ओढून पोट झाकलं आणि हळूच विचारलं, "काकू, याला धरून मोजतायत का?"

गर्दी म्हटलं की प्रत्येकाला दुसराच दिसतो.

पुढे पुरुषांत तिचा नवरा बसला होता. इकडेतिकडे बघत, घाबरत, त्यानेही हात वर केला.

रेश्माने मान खाली घातली.